व्हिलन म्हणजे मूळचा शेतावर राबणारा माणूस

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषय इंग्रजी शब्दांचा आहे, पण तो शेवटी आपल्या दारात येणाऱ्या नोटिशीपर्यंत जाणार आहे. तेव्हा सवडीनं वाचा.

सुरुवात व्हिलनपासून करू. हा शब्द आता मराठीच झालाय. व्हिलन म्हटलं की आपल्याला निळूभाऊ फुले आठवतात, 'सामना'मधला त्यांचा साखरसम्राट आठवतो. गावाची जमीन, कारखाना, राजकारण, सगळं ज्याच्या मुठीत तो व्हिलन, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर उलटा आहे.

लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतावरचा वाडा, भोवतीच्या जमिनीसकट. त्या जमिनीवर राबणारा तो 'व्हिलानुस'. फ्रेंचमध्ये त्याचं रूप जरा बदललं आणि १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या तोंडून तो शब्द इंग्लंडात उतरला. लोणावळ्याच्या रस्त्यावर 'लक्झरी व्हिला'च्या पाट्या दिसतात तो व्हिला, गावाला म्हणतात ते व्हिलेज, आणि हा व्हिलन, ही सगळी एकाच घरातली भावंडं. त्यातला वाडा आज कोटीच्या भावात विकला जातो. त्या वाड्याच्या जमिनीवर राबणाऱ्याचं नाव मात्र शिवी होऊन बसलं.

१०८६ साली विल्यम राजानं जवळजवळ सगळ्या इंग्लंडची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' नावाचं दफ्तर तयार केलं. कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती माणसं. त्यात नोंदलेल्या कुटुंबप्रमुखांपैकी साधारण ४० टक्के माणसांपुढे 'व्हिलानुस' असं लिहिलेलं आहे. तिथं ती शिवी नाही. आपल्या दफ्तरात 'कूळ' लिहावं तसा तो शब्द आहे. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत या माणसांभोवतीचा फास आवळत गेला. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचं. पोरीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे मोजायचे. घरातला कर्ता गेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाकडे जायचं. आणि मालकाविरुद्ध जमिनीची तक्रार घेऊन राजाच्या कोर्टात जायचं म्हटलं तर त्याला दार बंद.

अशा माणसाला काय म्हणायचं हे कोण ठरवणार? ज्याच्या हातात लेखणी तो. मालकाच्या वाड्यात 'खेड्यातला' म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे गलिच्छ, गलिच्छ म्हणजे नीच, नीच म्हणजे बदमाश, असा त्या शब्दाचा घसरगुंडीवरून प्रवास झाला. जमीनमालकानं कुळाला बदमाश ठरवलं आणि सातशे वर्षांनी आपण सिनेमा बघताना तोच शब्द वापरतो.

मला या गोष्टीचं कुतूहल आहे ते एवढ्यासाठी की हा एकटादुकटा शब्द नाही. इंग्रजीतल्या जुन्या शिव्या आणि जुनी कौतुकं शेजारीशेजारी मांडून बघितली की ओळच लागते.

'चर्ल' म्हणजे आज उद्धट, असंस्कृत माणूस. नॉर्मन यायच्या आधी चर्ल म्हणजे साधा स्वतंत्र नागरिक. तो कुणाचा गुलाम नव्हता आणि सरदारही नव्हता. 'मीन' म्हणजे आज हलकट, कोत्या मनाचा. मूळ अर्थ होता सामायिक, सगळ्यांचं. जे सगळ्यांचं ते हलकं. 'व्हल्गर' म्हणजे आज अश्लील. लॅटिनमध्ये 'व्हल्गुस' म्हणजे सामान्य लोक, दुसरं काही नाही.

सगळ्यात बोलका शब्द 'ल्यूड'. आज त्याचा अर्थ कामुक, घाणेरडा. बायकांची छेड काढणाऱ्याच्या बातमीत हा शब्द हमखास असतो. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ एवढाच होता की जो पाद्री नाही तो. म्हणजे तुम्ही-आम्ही. पाद्री नाही म्हणजे लॅटिन येत नाही. लॅटिन येत नाही म्हणजे अडाणी. अडाणी म्हणजे हलका. हलका म्हणजे चारित्र्यानंही हलका. भाषा येत नाही इथून सुरू झालेला शब्द चारित्र्यावर जाऊन थांबला.

त्याच्या समोरचा शब्द बघा: 'क्लार्क'. आपल्या ऑफिसातला क्लार्क तो हाच. मूळचा अर्थ धर्मसेवक, पाद्री वर्गातला माणूस. लिहिणं-वाचणं बहुतेक त्याच लोकांना यायचं, म्हणून क्लार्क म्हणजे शिकलेला. आणि ही नुसती मानाची गोष्ट नव्हती, जिवाची होती. पाद्री वर्गातल्या माणसावर राजाच्या कोर्टात नाही, धर्मपीठाच्या कोर्टात खटला चालायचा आणि तिथं फाशी नव्हती. आता पाद्री कोण हे ओळखायचं कसं? वाचायला लावायचं! बायबलातल्या एका ठरावीक स्तोत्राचा तुकडा समोर धरायचे. वाचता आला तर मान वाचली. लोक त्याला 'मानेचा श्लोक'च म्हणायचे आणि काही चोर तो पाठ करून यायचे. इंग्लंडात ही सवलत पुरती बंद झाली ती १८२७ साली. कागद वाचता येणं आणि जीव वाचणं यांचा असा थेट संबंध होता.

आता घसरलेल्या शब्दांकडून चढलेल्या शब्दांकडे या. 'नाइट' आणि 'नेव्ह' ही जोडी तर मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत दोन्हींचा अर्थ एकच: पोरगा, हाताखालचा पोऱ्या. एक पोऱ्या धन्याच्या घोड्याबरोबर लढाईवर गेला, त्याला जमीन मिळाली, तो 'नाइट' झाला, 'सर' झाला. दुसरा स्वयंपाकघरात भांडी घासत राहिला, तो 'नेव्ह' झाला, म्हणजे लुच्चा. पत्त्यांत राणीच्या खालचं पान इंग्रजीत नेव्ह, आपण त्याला गुलाम म्हणतो. बुद्धिबळात नाइट, त्याला आपण घोडा म्हणतो. दोन्ही खेळांत मराठीनं बरोबर मर्म पकडलंय, नाही का? फरक माणसात नव्हता, घोड्यात होता.

घोड्यावरून आणखी दोन. 'मार्शल' म्हणजे घोड्यांचा नोकर. 'कॉन्स्टेबल' म्हणजे तबेल्याचा मुख्य अधिकारी. राजाच्या जवळ वावरले म्हणून दोघंही वर चढले. फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा राजाच्या खालोखालचा सेनाधिकारी होता. पुढे वाटा फुटल्या. माणेकशॉ फील्ड मार्शल झाले, आणि आपला कॉन्स्टेबल भर उन्हात चौकात शिट्टी वाजवत उभा आहे. मुंबईत तर रस्त्यावर थुंकलं की पावती फाडायचा तोही मार्शलच.

'जंटल' म्हणजे आज सौम्य, सभ्य. मूळ अर्थ 'चांगल्या कुळातला', आपलं 'घरंदाज'. 'फ्रँक' म्हणजे मोकळ्या मनाचा. मूळचं ते फ्रँक टोळीचं नाव. ज्या देशाला आज फ्रान्स म्हणतात तो त्यांनी जिंकला, तिथं पुरते स्वतंत्र तेवढेच, म्हणून फ्रँक म्हणजे स्वतंत्र, आणि स्वतंत्र माणसालाच मोकळं बोलणं परवडतं. कुळाचं नाव गुणाला मिळालं आणि कष्टाचं नाव अवगुणाला.

आता कुणी म्हणेल, हे इंग्रजांचं झालं, आपल्याला काय त्याचं? आपणही काही वेगळं केलेलं नाही. 'ग्राम्य' हा शब्द घ्या. ग्राम म्हणजे गाव, ग्राम्य म्हणजे गावातलं. पण मराठीत ग्राम्य भाषा म्हणजे असभ्य भाषा. नगरात राहणारा 'नागर' झाला आणि नागर म्हणजे सुसंस्कृत. गावंढळ, गावठी, हे सगळे व्हिलनचेच मराठी चुलतभाऊ. फक्त बाजारात चित्र उलटं आहे. गावठी कोंबडी महाग, गावठी अंडं महाग, गावरान तूप तर विचारू नका. पिकवणारा गावठी म्हटला की तेवढी शिवी.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण शब्दांच्या गोष्टी म्हटल्या की व्हॉट्सॲपवर पीक येतं. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे खोटं आहे. न्यूज म्हणजे नवीन गोष्टी, बस. 'डोअर' हा शब्द आपल्या 'द्वार'वरून चोरला, हेही खोटं आहे. डोअर आणि द्वार, नेम आणि नाम ही भावंडं आहेत. त्यांची आई एकच, काही हजार वर्षांपूर्वीची. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. उसना शब्द बघायचा तर 'चेक' बघा. बुद्धिबळात राजाला धरलं की आपण 'शह' म्हणतो. तो फारसी 'शाह', म्हणजे राजा. हाच शब्द फिरत फिरत फ्रेंचमध्ये गेला, तिथून इंग्रजीत 'चेक' झाला. आधी राजाला शह, मग रोखणं, मग तपासणं, मग हिशोब तपासायची पावती, आणि शेवटी बँकेचा चेक. इंग्लंडच्या खजिन्याला 'एक्सचेकर' म्हणायचे, कारण बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींचं कापड टेबलावर अंथरून त्यावर हिशोबाच्या सोंगट्या मांडायचे. म्हणजे आपण 'शह दिला' म्हणतो आणि 'चेक दिला' म्हणतो, शब्द एकच.

आणि दुसरी सावधगिरी. मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असं माझं म्हणणं अजिबात नाही. 'नाइस' हा शब्द लॅटिनमधल्या 'अज्ञानी' या शब्दापासून आलाय आणि चौदाव्या शतकात नाइस म्हणजे मूर्ख. 'सिली' म्हणजे तेव्हा देवाचा आशीर्वाद लाभलेला, सुखी. पुढे निष्पाप, मग बिचारा, मग बावळट. आता म्हणून कुणी आपल्याला नाइस म्हटलं तर भांडायला जायचं का? शब्द बदलतात. माझा मुद्दा एवढाच की ते आपोआप बदलत नाहीत. कुठल्या दिशेला बदलायचे हे सत्ता कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वर जे शब्द सांगितले ते माणसांचे होते. पण इंग्लंडात एक काळ असा होता की खुद्द इंग्रजी हीच व्हिलनची भाषा होती.

१०६६ च्या लढाईनंतर इंग्लंडातली बहुतेक जमीन फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांच्या हातात गेली. दरबार फ्रेंच, चर्च आणि दफ्तर लॅटिन, शेत-गोठा इंग्रजी. नांगर धरणारा आणि घोड्याची लीद काढणारा तेवढा इंग्रजी बोलायचा. वर चढायचं तर पोराला फ्रेंच आलं पाहिजे. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे १२९० साली ज्ञानेश्वरी मराठीत सांगून झाली, तेव्हा इंग्लंडात वकील न्यायाधीशापुढे फ्रेंचमध्ये बोलत होता आणि ज्याची जमीन जायची तो शेतकरी बाजूला उभा राहून तोंडाकडे बघत होता.

१३६२ साली, तिसऱ्या एडवर्डच्या काळात, पार्लमेंटनं एक कायदा केला. त्यात कारण साफ सांगितलंय: कोर्टात आपल्या बाजूनं काय बोललं जातंय आणि विरुद्ध काय बोललं जातंय हे लोकांना कळत नाही, म्हणून यापुढे खटले इंग्रजीत बोलावेत. अस्मिता, अभिमान, महान परंपरा, असलं काही त्यात नाही. लोकांना कळत नाही, एवढंच कारण. आणि तेवढं पुरेसं होतं. विनोद असा की हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवायच्या असंही त्यातच म्हटलं होतं.

मग झालं काय? काही झालं नाही. बोलणं हळूहळू इंग्रजीत आलं, पण वकिलांनी लिखाणात फ्रेंच सोडलं नाही. घरी कुणी फ्रेंच बोलत नव्हतं, तरी कोर्टापुरतं एक मोडकंतोडकं फ्रेंच जिवंत ठेवलं. ते पुढे इतकं घसरलं की १६३१ साली सॉल्झबरीच्या कोर्टात एका कैद्यानं न्यायाधीशाला वीट फेकून मारली आणि ती चुकली, त्याची नोंद अर्ध्या फ्रेंच अर्ध्या इंग्रजी शब्दांत आहे. आपण 'मी त्याला कॉल केला पण त्यानं पिकच नाही केला' म्हणतो, तसंच. १६५० साली राजा नसताना एकदा कायदा करून सगळं इंग्रजीत आणलं. १६६० साली राजा परत आला आणि तो कायदा गेला. शेवटी १७३१ चा कायदा १७३३ पासून लागू झाला तेव्हा कुठे इंग्लंडच्या कोर्टाचे कागद इंग्रजीत आले. १३६२ ते १७३३. मोजा. ३७१ वर्षं. राजभाषा तीच, लोकांची भाषा तीच, राजाच्या घरातली भाषाही तीच झालेली, तरी कोर्टाच्या कागदापर्यंत पोचायला ३७१ वर्षं लागली.

का लागली? भाषा कमी पडत होती म्हणून? त्या मधल्या काळात त्याच भाषेत शेक्सपिअर लिहून गेला. कारण भाषेत नव्हतंच. जो कागद सामान्य माणसाला वाचता येत नाही, तो वाचून दाखवणाऱ्याला फी मिळते. त्या फीमध्ये होतं.

त्या काळाचे वळ इंग्रजी कायद्याच्या अंगावर अजून आहेत. मृत्युपत्राला 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात. विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन, अर्थ एकच. 'गुड्स अँड चॅटल्स', एक इंग्रजी, एक फ्रेंच. 'ब्रेकिंग अँड एंटरिंग', तसंच. दोन भाषांचे लोक एका कागदावर, म्हणून दोन्ही शब्द लिहून टाकायची सवय लागली. आपणही हेच केलंय. 'कागदपत्र' यात कागद फारसीकडून, पत्र संस्कृत. 'धनदौलत', धन संस्कृत, दौलत अरबी. 'बाजारहाट', बाजार फारसी, हाट आपलं. वकील, फिर्याद, जामीन, दावा, अर्ज, कब्जा हे सगळे बाहेरून आले आणि आज गावच्या पारावर बसलेल्या आजोबांनाही कळतात. परक्या शब्दानं भाषा बाटत नाही. शब्द परका आहे का, हा प्रश्नच नाही. तो ज्याच्यावर लागू होणार त्याला कळतो का, हा प्रश्न आहे.

म्हणूनच मला दुसऱ्या बाजूचंही पटत नाही. मराठी आणायची म्हणून लायसन्सला 'अनुज्ञप्ती' लिहायचं. परवाना हा शब्द काय वाईट होता? सोसायटीच्या जमिनीचं 'मानीव अभिहस्तांतरण' करायचं. हे वाचून कुणाला कळलं असेल तर हात वर करा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे 'डीम्ड कन्व्हेयन्स'च म्हणतात, कारण निदान त्याचा फॉर्म कुठे मिळतो ते माहीत असतं. लोकांची भाषा म्हणून लोकांना न कळणारे शब्द आणणं म्हणजे पुन्हा वकिली फ्रेंचच, फक्त देवनागरीत.

आता नोटिशीकडे. मी तालुक्याच्या गावी राहतो. शिक्षकी संपल्यापासून लोक कागद वाचून घ्यायला येतात. गेल्या पावसाळ्यात एक जण आला. घर बांधायला एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढलेलं, हप्ते थकलेले. हातात चार पानी इंग्रजी नोटीस. मला म्हणाला, "गुरुजी, यात जप्ती लिहिलीय का तेवढं सांगा." नोटिशीत साठ दिवसांची मुदत होती. त्यातले बावीस दिवस ते पाकीट देव्हाऱ्यामागं पडून होतं, कारण घरात कुणाला ते वाचता येत नव्हतं आणि कुणाला दाखवायची लाज वाटत होती. कर्ज त्यानं घेतलं, फेडायचं त्यानंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते बावीस दिवस कुणी खाल्ले?

त्या नोटिशीत एक शब्द सतरा ठिकाणी होता: 'मॉर्गेज'. हा शब्द म्हणजे जुनं फ्रेंच, 'मोर्ट' म्हणजे मेलेलं आणि 'गेज' म्हणजे गहाण. मेलेलं गहाण. बाराव्या शतकात इंग्लंडात गहाणाचे दोन प्रकार होते. जिवंत गहाण म्हणजे सावकारानं जमिनीचं उत्पन्न घ्यायचं आणि तेवढं कर्ज कमी करायचं. मेलेलं गहाण म्हणजे उत्पन्नही सावकाराचं आणि कर्जही तेवढंच. त्या काळचे धर्मवाले याला पाप म्हणायचे. पुढे सतराव्या शतकात एडवर्ड कोक नावाच्या न्यायाधीशानं वेगळी फोड केली: पैसे फेडले तर सावकाराच्या दृष्टीनं गहाण मेलं, नाही फेडले तर कुळाच्या दृष्टीनं जमीन मेली. कुठलीही फोड घ्या, मरण त्यात आहेच. आपल्याकडे नजरगहाण, ताबेगहाण असे स्वच्छ शब्द आहेत. नजरगहाणात जमीन तुमच्याकडे, ताबेगहाणात त्याच्याकडे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही फरक कळतो. तरी नोटीस मेलेल्या फ्रेंचमध्ये येते.

न कळणाऱ्या कागदाचा राग किती खोल असतो ते इतिहासात दोनदा दिसतं. १३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांनी बंड केलं. निमित्त डोईपट्टीचं. त्यांनी वाडे फोडले, पण ठिकठिकाणी आधी जाळली ती मालकाकडची दफ्तरं, ज्यात 'हा आमचा व्हिलन' असं लिहिलेलं होतं. जून महिन्यात राजानं त्यांना मुक्तीच्या सनदा दिल्या आणि बंड मोडल्यावर त्याच परत घेतल्या. दुसरी गोष्ट आपली. मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. तिथून दंगा पेटला आणि पुणे-नगरच्या गावागावांत पसरला. कुणब्यांनी सावकारांच्या घरांत शिरून मागितलं काय? वह्या आणि कर्जरोखे. मिळाले की जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण आत काय लिहिलंय ते माहीत नाही, तो कागद. इंग्रज सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला तो त्यानंतर.

आज कुणी कागद जाळत नाही. पाकीट देव्हाऱ्यामागं ठेवतात.

आपल्याकडचा हिशोब असा आहे. राजभाषेचा कायदा १९६४ चा. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी, असं १९९८ मध्ये ठरलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमानं इंग्रजी. त्याच कलमात राज्यपालांना, राष्ट्रपतींच्या संमतीनं, उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा आणायची वाटही ठेवलेली आहे. काही हिंदी राज्यांनी ती वापरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, चांगलंच झालं. पण अभिजात दर्जानं त्या चार पानी नोटिशीतला एक शब्द मराठी झाला नाही. १३६२ च्या कायद्याचं जे झालं तेच आपलं होऊ द्यायचं का? ३७१ वर्षं थांबायला कुणाकडे वेळ आहे?

काही जण लगेच म्हणतील, मग पोरांनी इंग्रजी शिकायचं नाही का? जरूर शिकायचं, चांगलं शिकायचं. मी आयुष्यभर तेच शिकवलं. पण शिकताना हे कळू द्या की ती देवांची भाषा नाही. ती गोठ्यातून वर आलेली भाषा आहे. तिच्याच देशात तिला तीनशे वर्षं कुणी विचारत नव्हतं. ज्या पोराला हे माहीत आहे तो इंग्रजीपुढे कमरेत वाकणार नाही, आणि आपल्या आईच्या बोलण्याची लाजही धरणार नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे न्याय्य व्यवहाराचे नियम आहेत. त्यात म्हटलंय की कर्जदाराशी होणारा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत असावा. म्हणजे मराठीत कागद मागणं ही भीक नाही, नियमात बसणारी मागणी आहे. तुमच्या घरी, शेजारी, भावकीत कुणाला कर्जाची इंग्रजी नोटीस आली तर दोन गोष्टी करा. पहिली, मुदत मोजा आणि त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या, थांबू नका. दुसरी, 'मला मराठीत प्रत द्यावी' असा दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मुदत त्यामुळे थांबत नाही, हे लक्षात ठेवा, पण मागणी कागदावर येते. दहा जणांनी दिला तर कचरा, दहा हजारांनी दिला तर दखल.

आणि त्या नियमात 'स्थानिक भाषा' यासाठी इंग्रजीत कुठला शब्द वापरलाय माहितीय? 'व्हर्नाक्युलर'. आपल्या पोरांना कॉलेजात 'व्हर्नॅक' म्हणून चिडवतात, तोच. लॅटिनमध्ये 'व्हर्ना' म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्याचं जे काही ते व्हर्नाक्युलर.

नाव काय ठेवायचं ते ठेवू द्यात. कागद मात्र आपल्या भाषेत घ्या.